जिभेला हाड नव्हतं हे मान्य, पण बाकीचं खोटं आहे

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामानं परवा एक मेसेज टाकला. तो मी याआधीही दोनतीनदा वेगवेगळ्या ग्रुपवर बघितलाय, शाळेच्या स्टाफ ग्रुपवर तर दर एप्रिलमध्ये कोणीतरी टाकतंच, कारण ९ एप्रिलला त्या माणसाची पुण्यतिथी असते. मेसेज थोडक्यात असा: "ब्रिटनच्या राणीचा नवरा फिलिप. आयुष्यभर बायकोच्या पैशावर बसून खाल्लं. घरातले सगळे नाझी. भारतीयांचा अपमान केला. सुनेला मारलं. वाघ मारून प्राणी वाचवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला. माणुसकी नावाला नव्हती. अशा माणसाला आपले लोक श्रद्धांजली वाहतात, लाज वाटते."

खाली भराभर अंगठे.

मी मामाला तिथंच उत्तर लिहायला बसले तर ते एवढं लांबलं की ग्रुपवर टाकण्यासारखं राहिलं नाही, म्हणून इथं लिहितेय. आधीच सांगते, मला राजघराण्यांचं काही प्रेम नाही. मी इतिहास शिकवते, बंगालचा दुष्काळ आणि जालियनवाला बाग मुलांना शिकवताना माझाही आवाज चढतो. पण मेलेल्या माणसाबद्दल खऱ्यात खोटं असं कालवायचं की वाचणाऱ्याला काहीच वेगळं काढता येऊ नये, हे मला पटत नाही. आणि या माणसानं सुरू केलेली एक गोष्ट आमच्या शाळेत दर वर्षी घडते, मी ती डोळ्यांनी बघते, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

तर पहिला आरोप, बायकोच्या पैशावर बसून खाल्लं. १९४७ साली लग्न झालं तेव्हा हा नेव्हीत लेफ्टनंट होता, महायुद्ध लढून आलेला. पुढं मॅगपाय नावाच्या युद्धनौकेचा कप्तान झाला आणि नेव्ही हेच त्याचं खरं आयुष्य होतं. ६ फेब्रुवारी १९५२ ला दोघं केनियात होते, तिकडं इंग्लंडमध्ये राजा गेला, आणि वडील गेल्याची बातमी एलिझाबेथला फिलिपनंच बागेत नेऊन सांगितली. ती राणी झाली आणि याची नोकरी संपली, वयाच्या तिसाव्या वर्षी. नंतर मुलांना आपलं आडनावसुद्धा देता येईना, तेव्हा तो चिडून म्हणाला होता की स्वतःच्या मुलांना नाव देण्याची परवानगी नसलेला या देशातला मी एकटा पुरुष आहे. आपल्याकडं लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहून मुलीचं नाव बदलतात, माझंही बदललं होतं, त्यामुळे मला ते वाक्य वाचून कुठंतरी आत लागलं. पुरुषाला हे करावं लागलं म्हणून नाही हो, पण त्या काळातल्या एका नेव्हीतल्या गड्यानं हे गिळलं आणि पुढची पासष्ट वर्षं बायकोच्या मागं एक पाऊल ठेवून चालला, हे कमी नाही.

बरं, बसून खाल्लं का? त्यानं एकट्यानं, म्हणजे राणीसोबतचे सोडून, २२,२१९ कार्यक्रम केले, ५,४९६ भाषणं केली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ९६ व्या वर्षी रिटायर झाला. रोज एक कार्यक्रम धरा, एकही रविवार सुट्टी नाही, तरी साठ वर्षं लागतात. त्याला पार्लमेंटकडून वर्षाला ३ लाख ५९ हजार पौंड मिळायचे हेही खरं, ते मी लपवत नाही, ते जास्त वाटत असतील तर जरूर म्हणा. पण बसून खाल्लं म्हणू नका.

आता दुसरा मुद्दा. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, कारण यात एका बाईवर घोर अन्याय होतो. "घरातले सगळे नाझी."

फिलिपचा जन्म १० जून १९२१ चा, ग्रीसमधल्या कोर्फू बेटावरचा. पुढच्याच वर्षी ग्रीसमध्ये उलथापालथ झाली, बापाला देशाबाहेर घालवलं आणि हे कुटुंब एका ब्रिटिश युद्धनौकेतून पळालं, दीड वर्षाच्या पोराला झोपवायला संत्र्याच्या खोक्याचा पाळणा केला होता. आई ॲलिस, जन्मापासून बहिरी, ओठ बघून बोलणं समजून घ्यायची. १९३० मध्ये तिला मानसिक आजार झाला आणि तिला स्वित्झर्लंडमधल्या दवाखान्यात ठेवलं. बाप फ्रान्सच्या किनाऱ्यावर निघून गेला. चारही थोरल्या बहिणींची वर्षभरात जर्मन राजघराण्यांत लग्नं झाली. म्हणजे दहा वर्षांचा पोरगा आणि घर असं कुठंच नाही, सुट्टीत कधी या नातेवाइकाकडं कधी त्या, सगळा संसार एका ट्रंकेत.

यातल्या मेव्हण्यांपैकी काही नाझी होते, हे शंभर टक्के खरं आहे. एक तर थेट एसएसमध्ये, म्हणजे हिटलरच्या खास निमलष्करी दलात होता. फिलिपची लाडकी बहीण सेसिली, ती आणि तिचा नवराही १९३७ मध्ये नाझी पक्षात गेले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात सेसिली, तिचा नवरा, दोन्ही मुलगे आणि सासू असे सगळे विमान अपघातात गेले. मेसेजसोबत जो फोटो फिरतो ना, गणवेशातल्या नाझींच्या रांगेत तरुण फिलिप चालतोय, तो त्या अंत्ययात्रेचा फोटो आहे! सोळा वर्षांचा पोरगा बहिणीला आणि भाच्यांना पोचवायला चाललाय, त्याला तुम्ही नाझी मेळाव्यात गेलेला म्हणून दाखवता? त्या विमानाच्या लाकडाचा एक छोटासा तुकडा त्यानं जपून ठेवला होता, असं त्याच्या एका जवळच्या मैत्रिणीनं नंतर सांगितलंय. तो याबद्दल फारसं बोलला नाही म्हणे, फक्त तो तुकडा दाखवला.

आणि ज्यानं त्याला शाळेत बोलावून ही बातमी सांगितली तो हेडमास्तर कोण? कुर्ट हान. ज्यू. हिटलरच्या विरोधात उघड बोलला म्हणून जर्मनीतून बाहेर पडावं लागलेला आणि १९३४ मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा काढणारा. फिलिप या माणसाच्या हाताखाली वाढला.

युद्धात तो ब्रिटनच्या बाजूनं, म्हणजे स्वतःच्या मेव्हण्यांच्या विरुद्ध लढला. मार्च १९४१ मध्ये मातापानच्या लढाईत तो एकोणीस वर्षांचा होता, व्हॅलियंट नावाच्या युद्धनौकेवर सर्चलाइट सांभाळत होता, रात्रीच्या अंधारात इटालियन जहाजांवर प्रकाश धरायचा. त्याबद्दल ब्रिटनच्या अधिकृत अहवालात त्याचं नाव आलं आणि ग्रीसनं पदक दिलं. १९४३ मध्ये सिसिलीजवळ वॉलेस या जहाजावर रात्री बॉम्बहल्ला चालू होता, विमान परत येणार हे नक्की, तेव्हा यानं झटपट लाकडांचा तराफा बांधायला लावला, त्यावर धूर सोडणारे डबे ठेवले आणि तो पाण्यात सोडला. आपलं जहाज लांब नेऊन इंजिन बंद. वैमानिकाला वाटलं जळतंय तेच जहाज, त्यानं तराफ्यावर बॉम्ब टाकले. ही गोष्ट फिलिपनं मिरवली नाही, त्या जहाजावरच्या एका खलाशानं साठ वर्षांनी सांगितली.

आणि आता ॲलिस. आजारातून बरी होऊन ती अथेन्सला राहायला गेली. जर्मनांनी शहर ताब्यात घेतल्यावर तिनं आपल्या घरात एका ज्यू विधवेला, कोहेन कुटुंबातल्या, तिच्या मुलांसकट लपवून ठेवलं. गेस्टापोचे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचे लोक विचारायला आले तर ही बहिरेपणाचा आधार घेऊन काही समजतच नाही असं दाखवत बसायची. ते कुटुंब वाचलं. इस्रायलच्या याद वाशेम संस्थेनं १९९३ मध्ये तिला ज्यूंना वाचवणाऱ्यांचा सन्मान दिला, ती तेव्हा हयात नव्हती, तो घ्यायला ऑक्टोबर १९९४ मध्ये फिलिप आणि एक बहीण गेले. तिथं तो म्हणाला की आपण काही विशेष केलंय असं आईच्या मनातही आलं नसेल, संकटात सापडलेल्या माणसांसाठी हे करणं तिला साहजिकच वाटलं असेल. "घरातले सगळे नाझी" लिहिणाऱ्यानं ही बाई घरात धरलीच नाही.

तिसरा मुद्दा, भारतीयांचा अपमान केला. हो. केला. इथं मी मेसेजच्या बाजूनं आहे.

१९९९ मध्ये एडिंबरोजवळच्या एका कारखान्यात फ्यूजबॉक्समधून वायरी लोंबकळत होत्या, ते बघून हा म्हणाला की हा एखाद्या इंडियननं बसवलेला दिसतोय. माझे बाबा आयुष्यभर वायरमन होते. बोर्ड बसवला की प्रत्येक वायर सरळ दाबून, क्लिपा एका ओळीत मारून, झाकण लावायच्या आधी मला बोलवायचे, बघ कसं दिसतंय. झाकणाखाली कोण बघणार बाबा, असं मी म्हणायचे, तर म्हणायचे पुढचा वायरमन बघेल ना. त्यामुळे ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला संताप आला होता आणि आजही तो गेलेला नाही. नंतर माफीचं निवेदन आलं, ठीक आहे, पण बोलला ते बोलला. चीनमध्ये १९८६ मध्ये तिथल्या लोकांच्या डोळ्यांवरून बोलला तेही तसंच घाणेरडं.

आणि एक गोष्ट मेसेजवाल्याला बहुतेक माहीतच नाही, ती मीच सांगते, कारण ती यापेक्षा वाईट आहे. १४ ऑक्टोबर १९९७, राणी आणि हा अमृतसरला जालियनवाला बागेत गेले. तिथं दोन हजार हुतात्म्यांचा फलक आहे. तो वाचून हा म्हणाला, हे जरा वाढवून लिहिलंय, यात जखमी धरले असतील, आणि वर सांगितलं की डायरचा मुलगा माझ्यासोबत नेव्हीत होता, त्याच्याकडून कळलं. ब्रिटिश सरकारचा आकडा ३७९ चा, काँग्रेसच्या चौकशीत तो हजाराच्या घरात होता, आकड्यावर वाद आहे हे इतिहास शिकवणारी म्हणून मलाही माहितीये. पण त्या विहिरीपासून चार पावलांवर उभं राहून, मारणाऱ्याच्या पोराच्या तोंडचं प्रमाण मानून आकडा कमी करायचा? जिभेला हाड नव्हतं एवढं म्हणून मी त्याला यातून सोडवणार नाही. चुकलाच.

पण मग माणूस तेवढाच का, असं विचारलं तर मी नाही म्हणते, आणि त्याचं कारण चौथ्या मुद्द्यात आहे. "सुनेला मारलं."

हे साफ खोटं. डायना ३१ ऑगस्ट १९९७ ला पॅरिसमध्ये गेली. फिलिपनं गुप्तहेरांकडून मारवलं हा आरोप मोहम्मद अल फायेदनं केला, त्याचाही मुलगा त्याच गाडीत गेला होता, बापाचं दुःख मी समजू शकते. पण यावर लंडनमध्ये ऑक्टोबर २००७ ते एप्रिल २००८ ज्युरीसमोर चौकशी झाली, शेकडो साक्षी झाल्या आणि फिलिपनं हे घडवलं याला तसूभरही पुरावा नाही असं न्यायमूर्तींनी स्वच्छ सांगितलं. ज्युरीनं ठपका ठेवला तो दारू पिऊन गाडी हाणणाऱ्या ड्रायव्हरवर आणि मागं लागलेल्या गाड्यांवर.

त्या चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली, सासऱ्यानं सुनेला लिहिलेली पत्रं. १९९२ ची, चार्ल्स आणि डायनाचं फाटत आलेलं तेव्हाची. एका पत्रात त्यानं लिहिलंय की बोलावलंस तर तुला आणि चार्ल्सला जमेल तेवढी मदत मी नेहमी करेन, पण नवराबायकोला सल्ला द्यायची अक्कल मला नाही हे मी कबूल करतो. खाली सही "पा". ती उत्तरात त्याला "डिअरेस्ट पा" लिहायची. आपल्याकडं किती सासरे असं भांडण चालू असताना सुनेला कागद घेऊन लिहितात, बाई तुझं काय म्हणणं आहे म्हणून? मी तरी बघितले नाहीत. त्या घरात बाकीचे गप्प होते, हा लिहीत होता.

आणि ६ सप्टेंबरला तिची अंत्ययात्रा. विल्यम पंधरा वर्षांचा, हॅरी बारा. विल्यम शवपेटीमागं चालायला तयार नव्हता, सगळं जग बघणार, कोणाला नको वाटणार नाही. तेव्हा ७६ वर्षांचा हा आजोबा त्याला म्हणाला, आज चालला नाहीस तर पुढं तुला वाईट वाटत राहील, मी चाललो तर तू माझ्यासोबत चालशील? आणि चालला. आईच्या पेटीमागं एवढ्या लहान पोरांना चालवायलाच नको होतं असं पुढं बरेच जण म्हणाले, मलाही ते पटतं. पण ते ठरल्यावर त्या पोराशेजारी कोण उभं राहिलं तेवढं बघा. मला कायम सोळा वर्षांचा फिलिप आठवतो, त्या दुसऱ्या अंत्ययात्रेतला. पेटीमागं चालणं काय असतं हे त्या घरात त्यालाच माहीत होतं.

६ सप्टेंबर आणि १४ ऑक्टोबर. मध्ये सव्वा महिना. नातवाला आधार देणारा आणि अमृतसरच्या फलकासमोर असं बोलणारा एकच माणूस. मला दोन्ही खरं मानावं लागतं, माझा इलाज नाही.

वाघाचं पटकन सांगते. जानेवारी १९६१ मध्ये जयपूरच्या महाराजांचा पाहुणा असताना त्यानं राजस्थानात वाघ मारला, खरं आहे, तेव्हाही टीका झाली होती आणि व्हायलाच हवी होती. आपल्याकडं वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली १९७० मध्ये. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड निघाला १९६१ च्याच सप्टेंबरात, हा ब्रिटनच्या शाखेचा पहिला अध्यक्ष झाला आणि पुढं १९८१ ते १९९६ आंतरराष्ट्रीय अध्यक्ष. १९७३ मध्ये आपला व्याघ्रप्रकल्प सुरू झाला त्याला याच संस्थेनं दहा लाख डॉलर उभे करून द्यायचं कबूल केलं होतं. आधी मारला, नंतर पस्तीस वर्षं वाचवायच्या कामात राहिला. क्रम उलटा असता तर मी ढोंगी म्हटलं असतं.

आता शेवटचं, "माणुसकी नावाला नव्हती."

सप्टेंबर १९४५, टोकियोची खाडी, जपान शरण येतोय, फिलिप व्हेल्प नावाच्या जहाजावर. जपान्यांच्या कैदेतून सुटलेले नेव्हीचे लोक त्यांच्या जहाजावर आणले, हाडाची काडं झालेली. पन्नास वर्षांनी त्यानं रेडिओवर सांगितलं की ते मेसमध्ये येऊन बसले, कितीतरी काळानं आपल्यासारख्या वातावरणात, आमच्या लोकांनी त्यांच्या हातात चहाचे कप दिले, आणि दोन्हीकडचे नुसते बसून, गालावरून पाणी वाहतंय, चहा पितायत, कोणाला बोलता येईना. हे सांगताना त्यात स्वतःचं कौतुक एका शब्दाचं नाही.

राजवाड्यात आल्यावर नोकरांनी केसांना पावडर लावायची जुनी पद्धत त्यानं बंद करायला लावली, त्याला तो वेडेपणा वाटायचा. स्वतःची बॅग स्वतः उचलायचा. राणीसाठी फुलं घेऊन आलेलं लहान पोर गर्दीत अडकलं की हा त्याला बॅरिकेडवरून उचलून अलीकडं घ्यायचा, जा दे तिला. आणि १९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा त्या म्हाताऱ्या, बहिऱ्या, जोगिणीसारखे राखाडी कपडे घालणाऱ्या आईला बकिंगहॅम पॅलेसमध्येच आणलं, १९६९ मध्ये ती तिथंच गेली. जी आई लहानपणी वाट्याला आली नाही तिला म्हातारपणी सांभाळलं.

त्याची स्वतःची अंत्ययात्रा १७ एप्रिल २०२१ ला, कोविडमुळे फक्त तीस माणसं, राणी एकटी बाकावर. शवपेटी न्यायला त्यानंच आधीपासून तयार करून घेतलेली लँडरोव्हर. बाहेर त्याची टांग्यासारखी घोडागाडी उभी, तिला दोन काळे पोनी जोडलेले, आणि बसायच्या जागेवर त्याची टोपी, चाबूक, हातमोजे आणि एक छोटा लाल डबा. डब्यात साखरेचे खडे. फेरी झाली की पोनींना द्यायचा तो.

आता आमच्या शाळेची गोष्ट. १९५६ मध्ये कुर्ट हानच्या कल्पनेवरून फिलिपनं ड्यूक ऑफ एडिंबरो अवॉर्ड सुरू केलं, आज ते १३० च्या वर देशांत चालतं, भारतात त्याला इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल म्हणतात. चौदा ते चोवीस वयाची मुलं. समाजसेवा, एखादी कला, खेळ आणि एक पायी प्रवास. यात पहिला नंबर नसतो, कोणी कोणाला हरवत नाही, स्वतः ठरवलेलं स्वतः पूर्ण करायचं. प्रवासात रस्ता मुलांनी ठरवायचा, स्वयंपाक मुलांनी करायचा, मोठ्यांनी मागून चालायचं आणि जिवाला धोका नसेल तर तोंड उघडायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी नववीची सात मुलं घेऊन भोरच्या बाजूला गेलो होतो. रात्री एका गावातल्या शाळेच्या पटांगणात मुक्काम, खिचडी खालून करपली, वरची खाल्ली. सकाळी एका फाट्यावर मुलं चुकली. मला दिसत होतं, ओठ आवळून मागं चालत होते. त्यात एक मुलगी होती, वर्षभर वर्गात हजेरीला "यस मॅडम" याशिवाय शब्द न बोललेली. पुढचे दोघं तिघं मोठमोठ्यानं बोलत उतरायला लागले होते. ती एकदम थांबली, सॅक खाली ठेवली आणि म्हणाली, "थांबा. आपल्याला उत्तरेला जायचंय ना, मग सकाळी ऊन उजव्या गालावर पाहिजे. माझ्या पाठीवर येतंय." सगळे गप्प. एकानं नकाशा तिच्या हातात दिला. दुपारपर्यंत तीच पुढं होती.

मामा, तो मेसेज तुला परत टाकायचा असेल तर भारतीयांच्या अपमानाची ओळ ठेव, तिच्याखाली अमृतसरचं पण लिही, मी तारीख वर दिलीये. बाकीच्या ओळी काढ. निदान त्याच्या आईला तरी त्यातून वगळ.